आधी गोळी, मग सही: वॉर्डात औषध देण्याची सुरक्षित पद्धत, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

वॉर्डला नवी बॅच आली की पहिले काही दिवस मी मुद्दाम कमी बोलते, फक्त बघते. रुग्णसुरक्षेवर तोंडी प्रश्न विचारला तर उत्तरं चोख येतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद, असं बोटांवर मोजून सांगतात. तासाभराने त्याच मुली ट्रॉली घेऊन निघतात आणि ‘सात नंबर, गोळी घ्या’ म्हणत पुढे सरकतात. तोवर चार्टवरच्या सगळ्या रकान्यांत सह्या झालेल्या असतात.

माहिती कमी पडत नाही. चुकतो तो क्रम. आणि मनात शंका आली तरी तोंड उघडत नाही.

म्हणून इथे एकच काम घेतलं आहे: वॉर्डात औषध देणं, ट्रॉली हातात येण्याआधीपासून ड्युटी सोडेपर्यंत. एक गोष्ट आधीच पक्की करा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होईपर्यंत तुम्ही नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करता. ‘तू दे गं, मी आहेच’ असं कोणी लांबून म्हणालं तर ती देखरेख नव्हे. शेजारी उभं राहायला सांगा.

## टप्पा १: ट्रॉलीला हात लावण्याआधी

सकाळच्या पाळीसाठी विरारहून, बदलापूरहून येणाऱ्या मुली पहाटेची लोकल पकडतात. बऱ्याच जणी चहासुद्धा न घेता येतात. रिकाम्या पोटी, झोप न झालेल्या डोक्याने मिलिग्रॅमचे हिशेब करायचे नसतात. डब्यातली अर्धी पोळी लॉकर रूममध्ये खाऊन घ्या. ताप असेल, रात्रभर झोप झाली नसेल तर इन्स्ट्रक्टरला सांगून त्या दिवशी इंजेक्शनऐवजी दुसरं काम मागा. असं सांगणाऱ्या मुलीबद्दल माझं मत कधीच वाईट झालेलं नाही.

सोबत हवं: सेकंद काटा असलेलं घड्याळ, दोन पेन, खिशात मावणारी वही, लेबल करायला चिकटपट्टी आणि मार्कर.

वॉर्डात पाऊल टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पाच जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या: इमर्जन्सी ट्रे, ऑक्सिजन, सक्शन, औषधांचा फ्रिज आणि हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र). ऐकीव माहितीवर राहू नका. इन्चार्ज सिस्टरना विचारून इमर्जन्सी ट्रे उघडा आणि ॲड्रेनालिनचा (तीव्र रिॲक्शनमध्ये जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनचा) ॲम्प्युल नेमका कुठल्या कप्प्यात आहे ते पाहा. ज्या दिवशी तो लागेल त्या दिवशी शोधायला वेळ नसेल.

तपासा: आज माझ्याकडे कोणते रुग्ण आहेत, आणि माझ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टर कोण, हे मला नक्की माहीत आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणीतरी असेल’ असं असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: हँडओव्हर ऐकताना

हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे आधीची पाळी रुग्णांची माहिती सोपवते तेव्हा, विद्यार्थी मागे उभे राहतात, ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे निदान लिहून घेणं आणि औषधांचं काहीच न लिहिणं. निदान केसपेपरवर आहेच. तुम्ही लिहायचं ते वेगळं: कोणाला औषधाची रिॲक्शन आहे, कोण उपाशी आहे, कोणाची किडनी अधू आहे, कोणाचं औषध काल रात्री बंद झालं किंवा बदललं, कोणाचा डोस राहिला आणि का राहिला, एकाच आडनावाचे दोन रुग्ण कुठे आहेत.

शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. मुंबईच्या जनरल वॉर्डात दोन जाधव, तीन शेख, दोन यादव ही रोजची गोष्ट आहे. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण एकदम वाढतात आणि खाटांच्या मधे गाद्या पडतात तेव्हा तर ‘सात नंबर’ आणि ‘सात नंबरच्या खालचा’ अशी भाषा सुरू होते. त्या भाषेत औषध द्यायचं नाही.

## टप्पा ३: चार्ट वाचणं

ट्रॉलीजवळ उभं राहून घाईत वाचू नका. बसा आणि प्रत्येक रुग्णाचा चार्ट वरपासून खालपर्यंत वाचा. नाव, वय, नोंदणी क्रमांक. मग ॲलर्जीचा रकाना. मग औषध, मात्रा, मार्ग, वेळ, डॉक्टरांची सही आणि तारीख. शेवटी, हे औषध या रुग्णाला कशासाठी, हे एका वाक्यात स्वतःला सांगता येतं का ते बघा. मधुमेह नसलेल्याच्या चार्टवर इन्सुलिन दिसलं तर थांबायचं. कधी कधी त्याला कारण असतं, पोटॅशियम वाढल्यावर ग्लुकोजबरोबर इन्सुलिन देतात. पण ते कारण कोणाकडून तरी ऐकल्यावरच पुढे जायचं.

हस्ताक्षरात नेहमी फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. ‘१.०’ मधला बिंदू पुसट असला की १० होतात. ‘.५’ च्या आधी शून्य नसलं की ५ वाचले जातात. युनिटसाठी इंग्रजी यू हे एकच अक्षर आकड्याला चिकटवून लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. तुम्ही स्वतः लिहिताना ‘१’ लिहा, ‘१.०’ नको, ‘०.५’ लिहा, ‘.५’ नको, आणि युनिट हा शब्द पूर्ण लिहा.

सावध: अक्षर लागत नसेल तर शेजारच्या मैत्रिणीला ‘हे काय असेल गं?’ असं विचारू नका. दोघींचा अंदाज एकच निघाला तरी तो अंदाजच. ज्यांनी लिहिलं त्या डॉक्टरांनाच विचारा.

तोंडी ऑर्डर विद्यार्थ्याने स्वतः घ्यायची नाही. रेसिडेंट डॉक्टर राऊंडमध्ये चालता चालता ‘अमुक इंजेक्शन देऊन टाक’ म्हणाले, तर ‘सर, मी विद्यार्थिनी आहे, सिस्टरना बोलावते’ इतकंच म्हणा. सिस्टर ऑर्डर लिहून घेतील, परत वाचून दाखवतील, डॉक्टर हो म्हणतील. ते दोघांमधलं बोलणं तुम्ही नीट ऐका, कारण उद्या हेच तुम्हाला करायचं आहे.

## टप्पा ४: हिशेब

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. नियम एकच: मिलिलिटर लक्षात ठेवायचे नाहीत, मिलिग्रॅम लक्षात ठेवायचे. ‘अमिकासिन दोन एमएल’ असं वर्षानुवर्षं वॉर्डात बोललं जातं. आता प्रत्यक्ष कुप्या हातात घेऊन बघा. अमिकासिन १०० मिलिग्रॅम, २५० मिलिग्रॅम आणि ५०० मिलिग्रॅम अशा तिन्ही ताकदींत मिळतं, आणि तिन्ही कुप्यांत औषध २ मिलिलिटरच असतं. ‘दोन एमएल’ म्हणजे नेमकं किती, हे कुपी वाचल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

सूत्र साधं आहे. हवी असलेली मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले हातातलं द्रावण. २५० मिलिग्रॅम हवं आहे, १ ग्रॅमची कुपी १० मिलिलिटरमध्ये विरघळवली आहे: २५० भागिले १०००, गुणिले १०, म्हणजे २.५ मिलिलिटर. कागदावर मांडा. मनातल्या मनात करू नका, चार वर्षं झाली तरी नको.

लहान मुलांच्या वॉर्डात हीच चूक महागात पडते. दहा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यायचं आहे. ड्रॉप्स १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतील तर १.५ मिलिलिटर. सिरप ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं असेल तर ३ मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असेल तर सव्वासहा मिलिलिटर. बाळ तेच, औषध तेच, उत्तरं तीन. घरी जाणाऱ्या आईला ‘एक चमचा द्या’ असं सांगताना तिच्या हातात ड्रॉप्सची बाटली असेल तर ५ मिलिलिटरमधून ५०० मिलिग्रॅम जातील. म्हणून बाटली मागून घ्या, तिच्यावरचं वाचा, आणि ड्रॉपरवर किंवा मापाच्या टोपणावर बोट ठेवून दाखवा.

सलाईनचा वेग: ५०० मिलिलिटर ४ तासांत, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांना १ मिलिलिटरचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. मायक्रो सेटला ६० थेंबांना १ मिलिलिटर. थेंब पूर्ण मिनिट मोजा, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा जाऊन बघा, कारण रुग्णाने हात वाकवला की वेग बदलतो.

### इन्सुलिन: वेगळं वाचा

आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्याही असतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजसुद्धा दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ४० ची कुपी तर ४० ची सिरिंज, १०० ची कुपी तर १०० ची सिरिंज. अदलाबदल झाली तर काय होतं ते आकड्यांत बघा: १०० युनिटच्या कुपीतून ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ भरली तर अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. उलट झालं तर २० च्या जागी ८ युनिट जातात, साखर उतरत नाही, आणि डोस वाढवला जातो.

साध्या २ मिलिलिटरच्या सिरिंजने इन्सुलिन द्यायचं नाही. ‘इन्सुलिनची सिरिंज संपली आहे’ हे ते देण्याचं कारण होऊ शकत नाही. सिरिंज आणायला पाठवा.

तपासा: इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम क्लोराइड, आणि लहान मुलांचं कुठलंही इंजेक्शन यांचा हिशेब दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे केला का? स्वतंत्रपणे म्हणजे तुमचं उत्तर न बघता. ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारलं की समोरची व्यक्ती बहुधा हो म्हणते. कोरा कागद द्या.

## टप्पा ५: औषध काढणं आणि तयार करणं

हात धुवा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, किंवा हँडरबने २० ते ३० सेकंद, कोरडे होईपर्यंत. एकच ग्लोव्हजची जोडी घालून सहा खाटा फिरणं म्हणजे स्वच्छता नव्हे. त्यात फक्त तुमचे हात सुरक्षित राहतात.

लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, औषध भरताना, आणि खाटेशी देण्याआधी. कुपीचा रंग बघून, टोपण बघून औषध ओळखायचं नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो. मुदतीची तारीख, द्रावणाचा गढूळपणा, कुपी उघडल्याची तारीख बघा. तुम्ही उघडली तर तारीख तुम्हीच लिहा. बहुतेक इन्सुलिनच्या कुप्या उघडल्यावर २८ दिवसच वापरतात.

पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये १.५ ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, ठरवलेल्या वेगानेच द्यायचं. पाण्याच्या ॲम्प्युलजवळ ते ठेवलेलं दिसलं तर इन्चार्ज सिस्टरना त्याच क्षणी दाखवा. फेनिटोइन डेक्स्ट्रोजमध्ये मिसळत नाहीत, साका बसतो. नॉर्मल सलाईन वापरतात. सेफ्ट्रिअॅक्सोन रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या लाइनमधून त्याच वेळी देत नाहीत.

भरलेली सिरिंज हातातून खाली ठेवायची असेल तर आधी तिच्यावर पट्टी लावून औषधाचं नाव, मात्रा आणि रुग्णाचं नाव लिहा. लेबल नसलेली सिरिंज, कोणीही भरलेली असली तरी, फेकायची. ‘मी भरली आहे, मला माहीत आहे’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे.

आता सगळ्यात सर्रास होणारी चूक. वेळ वाचावा म्हणून सगळ्या वॉर्डाच्या गोळ्या छोट्या वाट्यांत काढतात, वाट्यांखाली खाट नंबरच्या चिठ्ठ्या ठेवतात आणि ट्रे घेऊन निघतात. एक वाटी सरकली की पुढच्या साऱ्या खाटांची औषधं सरकतात, आणि पाकिटातून काढलेली पांढरी गोळी कोणती ते कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकाच रुग्णाचं औषध काढा. गोळी खाटेशी जाईपर्यंत पाकिटातच राहू द्या, म्हणजे तिसऱ्यांदा वाचायला नाव शिल्लक राहतं.

सावध: औषध भरताना नातेवाईक हाक मारतील, मावशी विचारतील, फोन वाजेल. उत्तर द्यायचं असेल तर हातातलं खाली ठेवा आणि परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करा. ‘कुठवर आलो होतो’ हे आठवण्याचा प्रयत्न करू नका.

## टप्पा ६: रुग्ण ओळखणं

मे महिन्यात रुग्ण पंख्याखालची खाट मिळावी म्हणून आपसात जागा बदलतात. रुग्ण शौचालयात गेला की रात्रभर जागलेला भाऊ दहा मिनिटं त्याच खाटेवर आडवा होतो. विद्यार्थिनी येते, ‘जाधव ना?’ विचारते, आणि तो झोपेत हो म्हणतो. तोही जाधवच असतो.

म्हणून नाव सांगायचं नाही, विचारायचं. ‘तुमचं पूर्ण नाव काय?’ आणि मग दुसरी खूण: नोंदणी क्रमांक किंवा वय. मनगटावर पट्टा असेल तर पट्टा चार्टशी जुळवा. नसेल तर केसपेपर हातात घेऊन जुळवा. खाट नंबर ही ओळख नव्हे. हा प्रश्न तीन भाषांत पाठ असू द्या: ‘तुमचं पूर्ण नाव काय?’, ‘आपका पूरा नाम बताइए’, ‘तमारुं आखुं नाम शुं छे?’. बोलू न शकणाऱ्या रुग्णाचं नाव नातेवाइकाकडून विचारून घ्या आणि कागदाशी जुळवा. सोबत कोणी नसेल तर सिस्टरना बरोबर घ्या.

‘ॲलर्जी आहे का?’ असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. शब्द बदला: ‘कुठलं औषध सूट होत नाही? कधी इंजेक्शन घेतल्यावर अंगावर पुरळ, तोंडाला सूज, दम असं झालं होतं?’ मग आठवतं.

आणि रुग्ण म्हणाला, ‘ही गोळी वेगळी दिसते, काल पिवळी होती’, तर थांबा. त्याला समजवायला लागू नका, चार्ट बघा. बहुतेक वेळा कंपनी बदललेली असते. पण काही वेळा रुग्णच बरोबर असतो, आणि त्या वेळी चूक अडवायला त्याच्याशिवाय कोणीच उरलेलं नसतं.

## टप्पा ७: देणं, आणि थांबणं

औषधाचं नाव आणि ते कशासाठी ते रुग्णाला सांगा. गोळी गिळेपर्यंत उभ्या राहा. उशाशी ठेवून जायची नाही, ‘जेवल्यावर घेतो’ म्हणाले तर जेवणानंतर परत या. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) द्यायचं असेल तर ट्यूब जागेवर आहे का ते आधी तपासा, आणि सावकाश विरघळणाऱ्या किंवा आतड्यात विरघळण्यासाठी आवरण असलेल्या गोळ्या कुटू नका. डॉक्टरांना पर्याय विचारा.

अँटिबायोटिकचा पहिला डोस दिल्यावर लगेच पुढच्या खाटेकडे वळू नका. पुरळ, ओठांना सूज, घरघर, रक्तदाब उतरणं यातलं काही दिसलं तर औषध ताबडतोब बंद करा, रुग्णाजवळून न हलता मोठ्याने मदत मागा, ऑक्सिजन आणि इमर्जन्सी ट्रे मागवा. टप्पा १ मध्ये पाहून ठेवलेला ॲम्प्युल आता लागतो.

रुग्ण सावरल्यावर या प्रतिक्रियेची नोंद फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाच्या (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या) फॉर्मवरही करता येते. त्यांचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, आणि परिचारिकाही ही नोंद करू शकतात.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. सुई हब कटरमध्ये आणि मग पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. सिरिंज लाल पिशवीत. काचेच्या कुप्या निळ्यात. केमोथेरपीच्या मात्र पिवळ्यात.

## टप्पा ८: सही

औषध रुग्णाच्या पोटात किंवा शिरेत गेल्यावरच सही. त्याच खाटेशी उभं राहून, खरी वेळ लिहून. आठचं औषध पावणेनऊला दिलं तर पावणेनऊ लिहा. दिलं नाही तर रकाना कोरा सोडू नका, का दिलं नाही ते लिहा: उलटी झाली, नकार दिला, औषध उपलब्ध नाही, एक्स-रेला नेलं होतं. कोऱ्या रकान्याचे दोन अर्थ होतात आणि पुढच्या पाळीची सिस्टर त्यातला चुकीचा निवडू शकते.

हा टप्पा मी कशी शिकले ते सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना मी राऊंडच्या आधी घाईत सगळ्या सह्या करून टाकल्या. त्यात फिट येणाऱ्या एका रुग्णाची फेनिटोइनची गोळी होती. तो तपासणीला गेला होता, म्हणून गोळी ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि विसरले. परतताना कुर्ल्याला गाडीत खिशात हात गेला आणि पाकीट बोटांना लागलं. चार्टवर माझी सही होती, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्येकाच्या लेखी त्याला गोळी मिळाली होती. मी कुर्ल्याला उतरले, उलट दिशेची गाडी पकडली आणि वॉर्डात परत गेले. दुपारच्या सिस्टरना पाकीट दाखवलं. त्यांनी आधी रुग्णाला पाहिलं, मग डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून डोस दिला, आणि माझ्याकडून खरी नोंद लिहून घेतली. शेवटी म्हणाल्या, ‘परत आलीस ते बरं केलंस.’ त्या ओरडल्या असत्या तर पुढच्या वेळी मी परत गेले असते का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून माझ्याकडे चूक घेऊन येणाऱ्या मुलीला मी पहिलं वाक्य रागाचं बोलत नाही.

## टप्पा ९: शंका आली तर

सीनियरसमोर बोलायचं कसं, हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत. त्यामुळे मुली गप्प राहतात, किंवा इतकं आडवळणाने बोलतात की समोरच्याला कळतच नाही. आरोप करायचा नाही आणि माफीही मागायची नाही. दिसतं ते सांगायचं: ‘सिस्टर, एक मिनिट थांबाल का? चार्टवर २५० आहे, कुपीवर ५०० लिहिलंय.’ लक्ष गेलं नाही तर तेच दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने. तरीही नाही तर, ‘मला हे सुरक्षित वाटत नाही, मी इन्चार्ज सिस्टरना विचारून येते.’ आणि खरंच जायचं.

डॉक्टरांना फोन करताना गोंधळ होऊ नये म्हणून आधी वहीत चार ओळी लिहा. मी कोण आणि कुठून, आत्ता काय झालंय, मागचं थोडक्यात, मला काय वाटतं आणि काय हवंय. उदाहरणार्थ: ‘सर, मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मेल मेडिकल वॉर्डातून, सिस्टर शेजारी आहेत. अमुक रुग्णाला घाम सुटलाय, गुंगी आहे, आत्ता साखर ५२ आली. सकाळी इन्सुलिन घेतलंय, नाश्ता केलेला नाही. शुद्धीवर आहे, गिळता येतंय. तोंडाने ग्लुकोज सुरू करतोय, तुम्ही येऊन बघाल का?’ ‘सर, पेशंट बरा वाटत नाहीये’ एवढ्यावर कोणी धावत येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

## टप्पा १०: चूक झालीच तर

इथे क्रम सगळ्यात जास्त उलटा होतो. मुली आधी मैत्रिणीला सांगतात, मग रडतात, मग चार्ट ‘नीट’ करतात, आणि रुग्ण शेवटी. बरोबर क्रम असा:

१. रुग्णाकडे जा. शुद्ध, श्वास, नाडी, रक्तदाब बघा. औषध चालू असेल तर थांबवा.
२. सिस्टरना आणि इन्स्ट्रक्टरना लगेच सांगा. कोणतं औषध, किती, कधी, कोणत्या मार्गाने.
३. डॉक्टरांना कळवा आणि ते सांगतील ते करा.
४. कुपी, सिरिंज, सलाईनची बाटली फेकू नका, बाजूला ठेवा.
५. घडलं तेवढंच लिहा, वेळेसह. ‘घाईमुळे’, ‘अमुकच्या चुकीमुळे’ असं काही नको.
६. रुग्णालयाचा घटना नोंद फॉर्म भरा.
७. रुग्णाला आणि नातेवाइकांना कोण सांगणार ते वरिष्ठ ठरवतील. तुम्ही खोटं सांगायचं नाही.

लिहिताना चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, सही करा. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही, मागच्या वेळेची नोंद आता घुसडणं नाही.

थोडक्यात टळलेल्या चुकाही सांगा. चुकीचं औषध भरलं आणि तिसऱ्या वाचनात लक्षात आलं, तर ‘बरं झालं’ म्हणून सोडू नका. दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या शेजारी ठेवल्या होत्या, म्हणून ते झालं असेल. उद्या तिथे दुसरी मुलगी असेल. कुप्या वेगळ्या कप्प्यात ठेवायला पाच मिनिटं लागतात, पण कोणी सांगितलं तरच.

सुई टोचली तर: दाबून रक्त काढू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, लगेच कळवा, आणि कॅज्युअल्टीत किंवा एआरटी सेंटरमध्ये (एचआयव्हीच्या उपचार केंद्रात) जा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध सुरू करायचं ठरलं तर शक्यतो २ तासांच्या आत, आणि ७२ तासांपलीकडे नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. ‘पाळी संपल्यावर सांगते’ यात मोलाचा वेळ जातो.

## टप्पा ११: ड्युटी सोडताना

चार्ट पुन्हा एकदा चाळा, कोरे रकाने शोधा. उरलेलं काम पुढच्या पाळीच्या सिस्टरना तोंडी आणि लेखी सांगा: ‘एवढं राहिलंय, या कारणाने, या वेळी द्यायचंय.’ त्यांच्याकडून ते परत ऐका. सलाईनमध्ये किती उरलं आहे ते खाटेशी जाऊन दोघींनी बघा.

मग ॲप्रन काढण्याआधी सगळे खिसे टेबलावर रिकामे करा. गोळी, ॲम्प्युल, टोपण, कपाटाची किल्ली. जे निघेल त्याचा हिशेब लागेपर्यंत स्टेशनकडे निघायचं नाही.